दक्षिण आफ्रिकेतला सरकारी वर्णभेद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्याला गांधीजींचा रेल्वेतला प्रसंग आठवतो आणि मग एकदम मंडेला. मधला काळ राहूनच जातो. त्या काळात सरकारी कचेऱ्यांमधून रजिस्टरं, शिक्के आणि अर्ज यांच्या जोरावर एक अख्खा देश रंगांनुसार वेगळा काढला गेला. शाळा-कॉलेजातली मुलं, त्यांचे शिक्षक आणि सहज म्हणून विचारणारे वाचक यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

अपार्थाइड म्हणजे नेमकं काय? रंगावरून भेद तर जगभर होता ना?

होता, आणि आजही आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र १९४८ नंतर तो सरकारचं जाहीर धोरण बनला. कुणी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, कुठल्या शाळेत शिकायचं, कोणतं काम करायचं, कुठल्या बाकावर बसायचं, या प्रत्येक गोष्टीसाठी संसदेने कायदा केला आणि तो राबवायला खाती उघडली. या धोरणाचं नाव अपार्थाइड.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतही गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे होते. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ असेल तर चालेल, असं म्हटलं. समानता कागदावरचीच होती, पण निदान कागदावर तरी होती. दक्षिण आफ्रिकेत काय झालं पाहा. १९५२ साली एक आफ्रिकन माणूस केपटाउन स्टेशनवर गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसला. खटला झाला. काळ्यांची वेटिंग रूम फारच हलक्या दर्जाची आहे म्हणून त्याला सोडून देण्यात आलं आणि वरच्या न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. सरकारने यावर १९५३ साली नवा कायदाच आणला: सोयी वेगळ्या असतील आणि त्या समान असण्याची गरज नाही. मला हा कायदा सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. अन्याय लपवावा असंसुद्धा त्यांना वाटलं नाही.

हे सगळं १९४८ सालीच सुरू झालं का?

नाही. १९४८ साली डी. एफ. मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला (तोही विरोधकांपेक्षा कमी मतं मिळवून, ग्रामीण मतदारसंघांच्या जोरावर) आणि जुन्या भेदभावाला एक आराखडा मिळाला. पाया त्याआधीच घातलेला होता. १९१३ च्या जमीन कायद्याने देशाची जेमतेम ७ टक्के जमीन आफ्रिकनांसाठी ठेवली आणि बाहेर जमीन विकत घ्यायला किंवा खंडाने कसायला त्यांना बंदी केली. १९३६ साली ही मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली. लोकसंख्येत आफ्रिकन दोन तृतीयांशांहून जास्त होते.

जमीन आधी का हिरावली? कारण किंबर्लीला हिरे आणि जोहान्सबर्गला सोनं सापडलं होतं आणि खाणींना स्वस्त मजूर हवे होते. स्वतःच्या शेतावर पोट भरणारा माणूस कशाला खाणीत उतरेल? वर्णभेदाचा इतिहास द्वेषापासून सुरू केला तर हा हिशेब नजरेआड होतो. म्हणून तो जमिनीपासून वाचावा, असं माझं मत आहे.

माणसाचा वंश सरकार ठरवायचं कसं?

१९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाची नोंद एका गटात केली: गोरा, ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवर्णीय, किंवा ‘नेटिव्ह’ म्हणजे आफ्रिकन. भारतीयांचा वेगळा गट पुढे झाला. आता गोरा म्हणजे कोण? कायदा सांगतो की जो दिसायला उघडउघड गोरा आहे किंवा लोक ज्याला गोरा मानतात तो. पण दिसायला गोरा असूनही लोक ज्याला कलर्ड मानतात तो नाही. व्याख्येत शरीर आहे, शेजाऱ्यांचं मतही आहे, आणि शेवटचा शब्द बाबूचा आहे.

शंका आली की प्रकरण मंडळाकडे जायचं. तिथे त्वचा, नाक, नखं, बोलण्याची ढब पाहिली जायची. पेन्सिलची परीक्षा तर कुप्रसिद्ध आहे: केसांत पेन्सिल खोचायची, घसरून पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. ही परीक्षा कायद्यात लिहिलेली नव्हती, पण घेतली जायची. नंतर ओळखपत्राच्या क्रमांकातच वंशाचे आकडे आले. कितीजणांचा गट बदलला, किती कलर्ड ‘गोरे’ झाले, किती भारतीय ‘कलर्ड’ झाले, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर होत असे.

एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या गटांत गेली तर?

तर घर मोडायचं. सख्खी भावंडं दोन रंगांत वाटली गेल्याची उदाहरणं आहेत. १९६६ साली गोऱ्या आईबापांची एक दहा-अकरा वर्षांची मुलगी सावळी आणि कुरळ्या केसांची म्हणून शाळेतून काढली गेली आणि सरकारने तिला ‘कलर्ड’ ठरवलं. बापाने कोर्टकचेऱ्या केल्या. पुढे तिला परत ‘गोरी’ करण्यात आलं, पण शाळा तिला घ्यायला तयार नव्हत्या. मोठी झाल्यावर तिने एका आफ्रिकन माणसाबरोबर संसार थाटला, आणि मुलांना जवळ ठेवता यावं म्हणून तिलाच आपला गट बदलून मागावा लागला.

गोऱ्यांनी इतर वंशांतल्या कुणाशी लग्न करायला १९४९ पासून बंदी होती. गोरे आणि आफ्रिकन यांच्या विवाहाबाहेरच्या संबंधांवर १९२७ पासूनच बंदी होती, १९५० साली ती सगळ्या गोरेतरांना लावली. पोलीस पहाटे दारं ठोठावत, अंथरूण गरम आहे का ते तपासत. हे दोन्ही कायदे थेट १९८५ साली गेले.

‘पास’ म्हणजे काय होतं?

सोळा वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन माणसाला सतत जवळ बाळगावं लागणारं पुस्तक. त्यात फोटो, बोटांचे ठसे, मालकाची सही, कराची नोंद आणि शहरात राहण्याचा परवाना. लोक त्याला ‘डोमपास’ म्हणत, म्हणजे अडाणी पास. ज्या कायद्याने हे पुस्तक १९५२ साली आणलं त्याच्या नावातच ‘पास रद्द करण्याचा कायदा’ असे शब्द होते. जुने सुटे कागद रद्द केले आणि त्यांच्या जागी हे पुस्तक दिलं!

परवान्याशिवाय शहरात ७२ तासांपेक्षा जास्त थांबता येत नसे. कायमचं राहायचं तर तिथेच जन्मून सतत तिथेच राहिलेलं असलं पाहिजे, किंवा एकाच मालकाकडे सलग १० वर्षं, अनेक मालकांकडे मिळून १५ वर्षं काम केलेलं असलं पाहिजे. नऊ वर्षांनी मालकाने काढून टाकलं की गणती पुन्हा पहिल्यापासून. मालक बदलावासा वाटला तरी माणूस दहादा विचार करणार. मजुरीचा दर खाली ठेवायला याहून सोपी युक्ती नाही.

खिशात पुस्तक नसलं की अटक. पास कायद्याखाली दरवर्षी लाखो अटका होत, खटला काही मिनिटांत उरके. शेजाऱ्याच्या घरी गेलेला माणूस पुस्तक घरी विसरला म्हणून तुरुंगात जाऊन यायचा. बायकांनाही पास सक्तीचा होऊ लागला तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० बायका प्रिटोरियातल्या सरकारी मुख्यालयासमोर जमल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफी विल्यम्स या चौघी पुढे होत्या. अर्जांचे गठ्ठे पंतप्रधानांच्या दाराशी ठेवून सगळ्याजणी अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. पास कायदे १९८६ साली रद्द झाले.

वस्त्या वेगळ्या कशा केल्या?

१९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने शहराच्या नकाशावर रेघा ओढल्या: हा भाग गोऱ्यांचा, हा भारतीयांचा, हा कलर्डांचा. आफ्रिकनांसाठी शहराबाहेर टाउनशिप. ‘चुकीच्या’ भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याने घर सोडायचं.

जोहान्सबर्गजवळच्या सोफियाटाउनमध्ये आफ्रिकनांच्या नावावर स्वतःची घरं होती, आणि सरकारला तेच खुपत होतं. १२ फेब्रुवारी १९५५ ही हलवण्याची तारीख जाहीर होती. लोक विरोधाला सज्ज होत होते, म्हणून तीन दिवस आधीच, ९ तारखेला, २,००० पोलीस पहाटे ट्रक घेऊन आले. माणसं आणि सामान मेडोलँड्स या टाउनशिपला नेऊन टाकलं. काही वर्षांत अख्खी वस्ती पाडली, तिथे गोऱ्यांची वसाहत उभी केली आणि तिला नाव दिलं ‘ट्रिओम्फ’, म्हणजे विजय. जुनं नाव परत यायला २००६ साल उजाडलं.

केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा डोंगरउतारावरचा, बंदराजवळचा मोहल्ला. कलर्ड, आफ्रिकन, यहुदी, भारतीय, सगळे एका गल्लीत. मशीद इथे, चर्च तिथे, आणि मधे शिंप्याचं दुकान. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी तो गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. पुढच्या पंधराएक वर्षांत ६०,००० हून अधिक माणसं केप फ्लॅट्सच्या वाळूच्या, वाऱ्याच्या माळावर गेली. पूर्वी कामावर पायी जाणारे आता पहाटे उठून गाडी पकडू लागले, आणि कुणाचे शेजारी कुठल्या वस्तीत गेले त्याचा पत्ता उरला नाही. बुलडोझरने प्रार्थनास्थळं तेवढी सोडली. गोरे मात्र तिथे फारसे राहायला आलेच नाहीत. मोकळी जमीन कितीतरी वर्षं तशीच पडून राहिली.

तिथल्या भारतीयांचं काय झालं?

ऊसमळ्यांवर कराराने नेलेल्या मजुरांचं पहिलं जहाज, ‘ट्रुरो’, नोव्हेंबर १८६० मध्ये मद्रासहून डर्बनला लागलं. १९११ पर्यंत दीड लाखाहून अधिक मजूर गेले, बहुतेक तमिळ, तेलुगू आणि बिहार-उत्तर प्रदेशकडचे. मागोमाग गुजराती व्यापारी गेले. आपल्या बाजूची माणसंही होती: रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान केपटाउनला जाऊन स्थायिक झाले आणि त्यांची वस्ती आजही तिथे आहे.

१८९३ साली पीटरमारित्झबर्गला गांधीजींना डब्यातून उतरवलं. १९१२ साली त्याच देशात गोपाळ कृष्ण गोखले आले तेव्हा सरकारने त्यांच्या दिमतीला रेल्वेचा खास सलून दिला, कारण ते ब्रिटिश साम्राज्यातले मान्यवर पाहुणे होते. करार संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून गोखले मंत्र्यांना भेटले. कर उठला तो १९१३ च्या संपानंतर, १९१४ साली. या दौऱ्यातली एक आठवण गांधीजींनी लिहून ठेवली आहे: सभेत कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले लोक होते म्हणून त्यांनी गोखल्यांना मराठीतच बोलायचा आग्रह केला आणि स्वतः हिंदुस्तानीत भाषांतर केलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गांधीजींचा तिथला लढा भारतीयांच्या हक्कांचा होता. आफ्रिकनांबद्दल त्यांनी सुरुवातीच्या वर्षांत लिहिलेलं काही आज वाचवत नाही. एकत्र लढ्याची खरी सुरुवात पुढच्या पिढीने केली: डॉ. युसुफ दादू, डॉ. मॉन्टी नायकर. १९४६ च्या भारतीयविरोधी जमीन कायद्याविरुद्ध दोन हजारांच्या आसपास सत्याग्रही तुरुंगात गेले, आणि १९४७ साली या दोघांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अध्यक्षांबरोबर सहकार्याचा करार केला.

अपार्थाइडच्या काळात भारतीयांना डर्बनमधून चॅट्सवर्थला आणि जोहान्सबर्गमधून तीसेक किलोमीटरवरच्या लेनेशियाला हलवलं. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात भारतीयाने वस्ती करायला १८९१ पासून बंदी होती, ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली. ‘भारतीय हे या देशाचे कायमचे रहिवासी’ हे सरकारने मान्य केलं १९६१ साली, ट्रुरो लागल्यानंतर शंभर वर्षांनी.

शाळांमध्ये काय फरक होता?

१९५३ च्या बंटू (आफ्रिकनांना सरकारने दिलेलं नाव) शिक्षण कायद्याने मिशनऱ्यांच्या शाळा सरकारच्या ताब्यात आल्या. या कायद्याचे शिल्पकार हेंड्रिक फरवुर्ड यांनी संसदेत उघडच सांगितलं की ठरावीक प्रकारच्या मजुरीच्या वर गोऱ्यांच्या समाजात आफ्रिकनांना जागा नाही. मग गणित शिकवून उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९७५-७६ साली एका गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड (तिथलं चलन) खर्च होत होते आणि एका काळ्या मुलामागे ४२.

त्यात अर्धे विषय आफ्रिकान्स या सत्ताधारी गोऱ्यांच्या भाषेतून शिकवायचा हुकूम आला. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो टाउनशिपमधली शाळकरी मुलं गणवेशातच मोर्चाने निघाली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणारा तरुण आणि शेजारी रडत पळणारी हेक्टरची बहीण, हा फोटो जगभर गेला.

बंटुस्तान हा काय प्रकार?

आफ्रिकनांच्या प्रत्येक जमातीला एक ‘मायभूमी’ द्यायची आणि तिला ‘स्वतंत्र’ करून टाकायचं, म्हणजे उरलेल्या दक्षिण आफ्रिकेत ते परदेशी ठरतात आणि मताचा प्रश्नच मिटतो. अशा दहा मायभूमी होत्या. ट्रान्सकाय (१९७६), बोफुथात्स्वाना (१९७७), वेंडा (१९७९) आणि सिस्काय (१९८१) यांना स्वातंत्र्य ‘दिलं’, पण दक्षिण आफ्रिकेबाहेरच्या एकाही देशाने ते मानलं नाही. बोफुथात्स्वाना तर सुट्या सुट्या तुकड्यांत विखुरलेला होता. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेल्या, मायभूमी कधी पाहिलीही नसलेल्या माणसाचं नागरिकत्व असं एका सहीत गेलं. १९६० ते १९८३ या काळात एकूण ३५ लाख माणसं सक्तीने हलवली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

जपानी लोकांना ‘गोरे’ मानत, हे खरं का?

खरं आहे. जपानशी व्यापार वाढला तेव्हा, १९६० च्या दशकात, जपानी व्यावसायिकांना ‘मानद गोरे’ ठरवून हॉटेलं आणि वस्त्या खुल्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे चिनी मात्र बाहेरच.

सगळे गोरे यात सामील होते का?

फायदा जवळजवळ सगळ्यांना होत होता. ते निवडून देत होते ते सरकारही हेच होतं. तरी वेगळे निघालेले होते. हेलन सुझमन १९६१ ते १९७४ अशी तेरा वर्षं संसदेत आपल्या पक्षाच्या एकट्याच खासदार होत्या आणि तुरुंगांपासून पास कायद्यापर्यंत प्रश्न विचारत राहिल्या. ब्लॅक सॅश या संघटनेच्या बायका पास कायद्यात अडकलेल्यांना मोफत सल्ला देत. ब्राम फिशर हे नामांकित आफ्रिकानर (मुख्यतः डच वंशाचे, आफ्रिकान्स बोलणारे गोरे) घराण्यातले वकील. मंडेलांना जन्मठेप झाली त्या रिव्होनिया खटल्यात त्यांचा बचाव फिशर यांनी केला आणि पुढे त्यांनाच जन्मठेप झाली.

भारताने काय केलं?

याचा आपण अभिमान बाळगावा. स्वातंत्र्याच्याही आधी, १९४६ साली, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत तक्रार केली आणि विजयालक्ष्मी पंडित यांनी बाजू मांडली. भारतीय पासपोर्टवर कित्येक वर्षं दक्षिण आफ्रिका सोडून इतर देशांचा उल्लेख असे. घरात जुना पासपोर्ट असेल तर उघडून पाहा. १९७४ साली भारत डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, समोर दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळायला नकार दिला आणि करंडक सोडला.

खेळांवरचा बहिष्कार उठल्यावर दक्षिण आफ्रिकेचा पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १० नोव्हेंबर १९९१ रोजी कोलकात्याला आपल्याशीच झाला. मुंबईच्या प्रवीण आमरेने त्यात पदार्पण केलं, आणि पुढच्याच वर्षी डर्बनला पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं. ज्या शहरात भारतीयांना वस्तीच्या रेघा घालून दिल्या होत्या त्या शहरात.

अस्पृश्यतेशी याची तुलना करावी का?

करावी, पण जपून. शिवाशिव, वेगळी वस्ती, पाणवठा, बेटीबंदी, ठरलेलं काम: साम्य इतकं आहे की डोळेझाक करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. बाबासाहेबांनी स्वतः १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, तिथले लोक संयुक्त राष्ट्रांकडे करत असलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

फरक आहे तो सत्ता कुठून चालते यात. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ ला तिथलं पाणी प्यायल्यावर लोकांना मार खावा लागला आणि मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली लागला. तिथे ठराव बाजूने होता आणि गाव आडवं आलं. डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये गल्ली एकत्र नांदत होती आणि कायदा आडवा आला. म्हणून ‘संविधानाने अस्पृश्यता संपवली, आता काय?’ असं म्हणणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण कामाला येत नाही. उलट कायदे रद्द झाल्यावर काय उरतं ते तिथे जाऊन पाहावं.

हे संपलं कसं?

एका कारणाने नाही. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पासविरोधी जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ ठार, त्यातल्या बऱ्याच जणांना गोळ्या पाठीत लागलेल्या. मग संघटनांवर बंदी, १९६४ साली मंडेला, भारतीय वंशाचे अहमद कथराडा आणि इतरांना जन्मठेप, १९७७ साली काळ्यांचे तरुण नेते स्टीव्ह बिको यांचा पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मृत्यू. १९८४ साली भारतीय आणि कलर्डांना संसदेत वेगळी सभागृहं देऊन आफ्रिकनांपासून फोडायचा डाव झाला. बहुसंख्य मतदारांनी मतदानाकडे पाठ फिरवली. टाउनशिप पेटल्या, कामगार संघटना उभ्या राहिल्या, १९८५ साली परदेशी बँकांनी कर्जं पुढे चालू ठेवायला नकार दिला, आणि शीतयुद्ध संपल्यावर ‘आम्ही कम्युनिझमविरुद्धची भिंत’ हे सांगण्यातही अर्थ उरला नाही.

११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला सुटले. १९९१ साली वंशनोंदणी, ग्रुप एरियाज आणि जमिनीचे कायदे गेले. वाटाघाटींच्या या चार वर्षांत हजारो माणसं हिंसाचारात मेली, हे ‘चमत्कार’ म्हणताना विसरलं जातं. २७ एप्रिल १९९४ रोजी सर्वांनी पहिल्यांदा मतदान केलं. पुढे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग बसला: गुन्हा पूर्ण कबूल करणाऱ्याला माफी. सात हजारांवर अर्ज आले, माफी साडेआठशेच्या आसपास लोकांना मिळाली. उरलेल्यांपैकी फार थोड्यांवर खटले झाले, आणि त्याचा राग तिथल्या कुटुंबांत आजही आहे. तो रास्त आहे.

आज काय उरलं आहे?

नकाशा. वस्त्या बहुतांशी जिथे नेऊन टाकल्या तिथेच आहेत, आणि गरीब माणूस अजून सगळ्यांत लांबून कामावर येतो. २०१७ च्या सरकारी पाहणीनुसार व्यक्तींच्या नावावर असलेल्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे आहे. १९९४ च्या कायद्याने १९ जून १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनीवर दावा करता येतो, पण बऱ्याच शहरी दावेदारांनी जमिनीऐवजी रोख रक्कम घेतली. डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या पहिल्या दोन परतणाऱ्या रहिवाशांना मंडेलांनी २००४ साली किल्ल्या दिल्या, तेव्हा दोघेही ऐंशी ओलांडलेले होते. कितीतरी दावेदार वाट पाहतच गेले.

तिकडे जाणार असू तर काय पाहावं?

केपटाउनला डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम. पाडलेल्या मोहल्ल्याच्या रस्त्यांच्या पाट्या तिथे टांगल्या आहेत, आणि जमिनीवरच्या नकाशावर जुन्या रहिवाशांनी आपापलं घर लिहून ठेवलं आहे. जोहान्सबर्गच्या अपार्थाइड म्युझियममध्ये तिकिटावर ‘गोरा’ की ‘गोरेतर’ हे नशिबाने येतं आणि त्याप्रमाणे दार वेगळं. कुटुंबाने गेलात तर तिकिटं आपसांत बदलू नका. कॉन्स्टिट्यूशन हिल हा तुरुंग होता, गांधी आणि मंडेला दोघेही तिथे कैदेत होते. आज त्याच आवारात संविधान न्यायालय आहे. मंडेलांना जिथे कैदेत ठेवलं होतं त्या रॉबेन बेटाची बोट हवा बिघडली की रद्द होते, म्हणून तिकीट केपटाउनच्या मुक्कामातल्या पहिल्याच दिवसांपैकी एकाचं काढा.